१/७२ मधलं बी.ई.२सी : वरचा पंख बसवण्याआधीची कामं

१/७२ स्केलची, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढी, बायप्लेन्स (दुमजली पंखांची विमानं) अर्धवट राहतात ती बहुतेक एकाच टप्प्यावर. फ्युजलाज (विमानाचं धड) जोडून झालेला असतो, खालचे पंख लागलेले असतात, रंगही बरा आलेला असतो, आणि वरचा पंख काही केल्या बसत नाही. बसला तर एका बाजूला झुकतो. सरळ बसलाच, तर तारा लावायला चिमटा आत जात नाही. या अडचणी तिथे दिसतात, पण सुरू होतात खूप आधी : न पाडलेल्या भोकांपासून आणि चुकलेल्या क्रमापासून. म्हणून इथे भर क्रमावर दिला आहे. उदाहरण घेतलंय एअरफिक्स कंपनीच्या १/७२ बी.ई.२सीच्या किटचं; हे पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश दुआसनी विमान. भाग सुबक आहेत, वरचा-खालचा पंख सारख्याच लांबीचा आहे आणि तारांची रचना एकदा समजली की डोळे मिटून सांगता येईल इतकी नियमित आहे. पहिल्या बायप्लेनसाठी याहून चांगला विषय मला तरी माहीत नाही.

विमान थोडं समजून घेतलं तर मॉडेलमधल्या निम्म्या गोष्टी आपोआप कळतात. इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत जेफ्री डी हॅव्हिलंड यांनी केलेल्या मूळ बी.ई.२ वर एडवर्ड बस्क यांनी स्थिरतेचं काम केलं, त्यातून १९१४ मध्ये २सी आलं. वैमानिकाने हात सोडले तरी विमान सरळ उडत राहावं, म्हणजे खालचा नकाशा काढता येईल, हा हेतू होता. त्यासाठी पंखांना वरच्या बाजूला कोन दिला, वरचा पंख खालच्यापेक्षा पुढे सरकवला, शेपटीवर उभा फिन आला, आणि पंख पिळून वळण्याची जुनी पद्धत सोडून चारही पंखांवर एलेरॉन (मागच्या कडेच्या हलणाऱ्या फळ्या) बसवले. निरीक्षक पुढे बसायचा आणि वैमानिक मागे, म्हणजे निरीक्षक नसला तरी तोल बिघडायचा नाही. पण पुढच्या माणसाभोवती स्ट्रट (दोन पंखांमधले खांब) आणि तारांचं जाळं, समोर फिरणारा पंखा (प्रोपेलर). बंदूक चालवायला जागाच नव्हती. १९१५ च्या उत्तरार्धात पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या झाडणारं जर्मनांचं फोकर एकपंखी समोर आलं तेव्हा या स्थिर, संथ विमानांची फार मोठी हानी झाली. तीच स्थिरता पुढे रात्रीच्या उड्डाणात कामी आली. २ आणि ३ सप्टेंबर १९१६ च्या मधल्या रात्री विल्यम लीफ रॉबिन्सन यांनी बी.ई.२सी मधूनच एसएल ११ हे जर्मन हवाई जहाज इंग्लंडमधल्या कफली गावावर पाडलं आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता मॉडेल. कुठल्या काळातलं आणि कुठल्या कामाचं विमान करायचं हे स्प्रू (भाग जिला जोडलेले येतात ती प्लास्टिकची चौकट) कापण्याआधी ठरवा, कारण भाग बदलतात. सुरुवातीच्या विमानांना चाकांच्या पुढे लाकडी स्किड होते, नंतरच्यांना साधं व्ही आकाराचं लँडिंग गिअर. सुरुवातीला रेनोचं ७० अश्वशक्तीचं इंजिन होतं, नंतर आरएएफ १ए हे ९० अश्वशक्तीचं. रात्रीच्या एकआसनी विमानात पुढचं कॉकपिट झाकलेलं असायचं आणि लुईस मशीनगन वर रोखलेली. ज्या विमानाचा फोटो समोर आहे तेच करा. दोन फोटोंतलं आवडलेलं एकत्र केलं की कधीच न उडालेलं विमान तयार होतं.

आपल्याकडच्या वाचकांसाठी दोन विषय सुचवतो. पहिला, ब्रिटिश हवाई दलाची ३१ स्क्वाड्रन. ही तुकडी डिसेंबर १९१५ मध्ये बी.ई.२सी घेऊन मुंबईला उतरली आणि तिथून वायव्य सरहद्दीकडे गेली. दुसरा मेसोपोटेमियातला, म्हणजे आजच्या इराकमधला. कूत अल अमारात सहावं पुणे डिव्हिजन वेढ्यात अडकलं होतं, त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. एप्रिल १९१६ मध्ये ३० स्क्वाड्रनच्या आणि नौदलाच्या विमानांनी वरून धान्याची पोती टाकली, त्यांत बी.ई.२सी होती. अन्न पुरलं नाही, २९ एप्रिलला कूत पडलं. विमानाखाली लटकणारी छोटी पोती एपॉक्सी पुट्टीची सहज होतात, आणि आपल्या मातीतल्या माणसांशी जोडलेला असा विषय डब्यातल्या डेकलवर (पाण्याने चिकटवायच्या चिन्हांवर) कधी सापडत नाही.

आकाराचा अंदाज घ्या. खऱ्या विमानाचा पंख ३७ फूट, म्हणजे मॉडेलमध्ये साधारण १५६ मिलिमीटर. लांबी सुमारे ११५ मिलिमीटर. तळहातावर मावणारी वस्तू आहे. अर्धा मिलिमीटरची चूक इथे खऱ्या विमानातल्या साडेतीन सेंटिमीटरइतकी होते, आणि ती दिसते.

भाग तोडताना स्ट्रट निपरने थेट कापू नका. निपरचा दाब एका बाजूने येतो आणि बारीक स्ट्रट गेटपाशी (स्प्रूला जोडलेल्या जागी) मुडतो किंवा तुटतो. बारीक दातांची रेझर सॉ वापरा, नाहीतर आधी स्प्रूची चौकट दोन बाजूंनी कापून ताण सोडवा आणि मग स्ट्रट वेगळा करा. एअरफिक्सची बरीच किटं भारतात तयार झाली आहेत, डब्यावर तसं छापलेलं असतं; त्यांचं प्लास्टिक मऊ असतं, सँडपेपरखाली पटकन झिजतं. ४०० नंबरच्या कागदाने सुरुवात केली तरी हलक्या हाताने, आणि शेवट १००० वर.

पंखांवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. मागची कड साच्यातून जाड येते. खऱ्या पंखाची मागची कड म्हणजे कापडाखालचं बारीक लाकूड किंवा तार, त्यामुळे जाड कड मॉडेलला खेळण्यासारखं दाखवते. खालच्या पृष्ठभागाकडून सपाट ठोकळ्यावर चिकटवलेल्या सँडपेपरने घासून ती साधारण ०.३ मिलिमीटरपर्यंत आणा. वरून घासाल तर बरगड्यांची नक्षी जाईल. एलेरॉनची रेघ सुरीच्या उलट्या बाजूने दोनदा ओढून खोल करा.

मग भोकं. सगळं सुटं असताना, रंगाआधी. पिन व्हाइसमध्ये (हाताने फिरवायच्या छोट्या मुठीत) ०.३ मिलिमीटरचं ड्रिल लावून प्रत्येक स्ट्रटच्या मुळाशी, जिथे तार पंखाला भेटते तिथे, खाच घ्या. आधी सुईच्या टोकाने खूण करा, नाहीतर ड्रिल बरगडीवरून घसरतं. ड्रिल उभं धरू नका. तार ज्या दिशेने जाणार त्या दिशेला थोडं तिरकं धरा, म्हणजे नंतर दोरा वळणार नाही. ०.३ चं ड्रिल जोर लावला की तुटतं. दोन फेऱ्या फिरवा, बाहेर काढा, भुसा झटका, पुन्हा घाला.

तारांचा हिशेब असा. दोन्ही बाजूंना दोन-दोन बे, म्हणजे स्ट्रटांमधले कप्पे. प्रत्येक बेमध्ये पुढच्या आणि मागच्या स्ट्रटच्या पातळीत एक फ्लाइंग वायर आणि एक लँडिंग वायर. फ्लाइंग वायर आतल्या बाजूला खालून निघते आणि बाहेरच्या स्ट्रटच्या माथ्याला जाते, उडताना पंख वर ओढला जातो तो ही धरते. लँडिंग वायर उलट जाते, जमिनीवर पंखाचं वजन पेलते. म्हणजे २ बाजू, २ बे, पुढे-मागे, २ प्रकार : १६ तारा. शिवाय प्रत्येक बाजूच्या दोन स्ट्रट-जोड्यांत पुढच्या-मागच्या स्ट्रटमध्ये फुली : एकूण ८. झाल्या २४. खऱ्या विमानात फ्लाइंग वायर दुहेरी असतात, पण या स्केलला त्यांच्यातलं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्याही आत येतं. एकेरी लावा, दुहेरीच्या हट्टात दोन तारा एकमेकींना चिकटतात आणि एक जाड, वाकडी तार दिसते. या २४ शिवाय मधल्या कॅबेन स्ट्रटच्या (फ्युजलाजवरून वरच्या पंखाकडे जाणाऱ्या खांबांच्या), लँडिंग गिअरच्या, नाकापासून पंखाकडे जाणाऱ्या, एलेरॉनच्या आणि शेपटीच्या तारा येतात. त्या ड्रॉइंग समोर ठेवून मोजा आणि त्यांचीही भोकं आत्ताच पाडा.

कॉकपिट लवकर उरकतं. वरच्या पंखामुळे पुढचं तर जवळजवळ दिसतच नाही. आतल्या भिंतींना कापडाचा फिका रंग, लांब दांड्यांना लाकडाचा, सीटला मास्किंग टेपच्या ०.८ मिलिमीटर पट्टीचा पट्टा. बस. फ्युजलाजचा सांधा मात्र नीट बुजवा, कारण कापडी विमानाला पाठीवरून धावणारी उभी फट नसते. प्लास्टिक सिमेंट लावून थोडं दाबा, बाहेर आलेलं विरघळलेलं प्लास्टिक चोवीस तासांनी घासून टाका. बहुतेक वेळा पुट्टी लागतच नाही.

रंग. १९१६ च्या वसंतापर्यंतची विमानं बहुतेक न रंगवलेल्या लिननची, फक्त डोप (कापड ताणून घट्ट करणारं वार्निश) लावलेली. हा रंग पांढरा नाही आणि पिवळाही नाही : उन्हात राहिलेल्या न धुतलेल्या सुती कापडासारखा. तमिया कंपनीचा एक्सएफ-५५ रंग घेऊन त्यात जवळजवळ तितकाच पांढरा एक्सएफ-२ मिसळा, आणि बरगड्यांच्या मधल्या भागात आणखी थोडा पांढरा घालून पातळ फवारा मारा. बरगड्या गडद करण्याची सवय अनेकांना असते. डोप लावलेल्या कापडातून उजेड आरपार येतो तेव्हाच बरगड्या गडद दिसतात. विमान जमिनीवर उभं आहे असं दाखवायचं असेल तर हा फरक अगदी नावापुरता ठेवा. नंतरच्या विमानांवर वरून आणि बाजूंनी पीसी १० हा गडद संरक्षक रंग आला. तो सपाट हिरवा नाही, तपकिरीकडे झुकतो. तीन भाग एक्सएफ-६२ आणि एक भाग एक्सएफ-६४ हे माझं आवडतं मिश्रण. खालची बाजू लिननचीच राहते, आणि दोन्हीमधली सीमा पंखाच्या कडेवर यायला हवी, म्हणून आधी खालची बाजू रंगवून कडेला मास्किंग करा.

स्ट्रट आणि पंखा लाकडाचे. आधी फिका टॅन, तो पूर्ण वाळल्यावर बर्न्ट सिएना ऑइल कलर जवळजवळ कोरड्या ब्रशने लांबीच्या दिशेने ओढा. पंखा चार पात्यांचा आहे आणि लाकडाच्या थरांचा. थर दाखवायचे असतील तर बारीक पट्ट्या मास्क करून दोन छटा द्या आणि वरून तमियाचा पारदर्शक नारिंगी एक्स-२६ अगदी पातळ करून फिरवा. ऑइल वाळायला दोन-तीन दिवस लागतात. हे काम आठवड्याच्या सुरुवातीला करून बाजूला ठेवलं की इतर कामं अडत नाहीत.

डेकल वरचा पंख बसवण्याआधीच. खालच्या पंखावर नंतर ब्रश पोचत नाही. आधी ग्लॉस वार्निश, मग डेकल, मग डेकल मऊ करणारं द्रव दोनदा, म्हणजे राउंडेल (पंखावरचं गोल चिन्ह) बरगड्यांवर बसतं. वाळल्यावर डेकलखाली झाकलेली भोकं सुईने पुन्हा उघडा; हे विसरलं तर तार लावताना डेकलच उचकटतं. रडरच्या (शेपटीच्या सुकाणूच्या) पट्ट्यांत निळा पुढे आणि लाल मागे, महायुद्धात हाच क्रम होता. नंतरच्या काळातल्या विमानांची चित्रं पाहून तो उलटा लावू नका. शेवटी सेमी-मॅट वार्निश. पूर्ण मॅट केलं तर डोप लावलेल्या कापडाची ती किंचित चमक जाते.

आता वरचा पंख. स्ट्रट जिथे बसणार त्या खळग्यांतला रंग खरवडून काढा. प्लास्टिक सिमेंट प्लास्टिक विरघळवून जोडतं; मध्ये रंग असला तर ते फक्त रंगाला धरतं आणि दुसऱ्या दिवशी सगळं हातात येतं. खालच्या पंखांचा वर जाणारा कोन सुमारे साडेतीन अंश आहे. पंखाच्या अर्ध्या लांबीवर तो साडेचार मिलिमीटरच्या आसपास येतो, म्हणून टोकाखाली तेवढ्या उंचीचे पुठ्ठ्याचे सारखे ठोकळे ठेवूनच खालचे पंख वाळवा. इथे दोन बाजू वेगळ्या झाल्या तर वरचा पंख कधीच सरळ होणार नाही. पंख किती पुढे सरकलेला आहे ते स्केल ड्रॉइंगच्या बाजूच्या चित्रावर मोजा आणि पुठ्ठ्यात तेवढी खाच कापून साचा करा.

वरचा पंख उलटा, फोमच्या साच्यात ठेवा. चार कॅबेन आणि अगदी बाहेरचे चार स्ट्रट, एवढेच आधी. हळू वाळणारं सिमेंट घ्या, सुपरग्लू नको, कारण सात-आठ मिनिटं हलवायला मोकळीक हवी. फ्युजलाज उलटा करून त्यावर टेकवा. मग तपासणी. समोरून पाहून दोन्ही टोकांमधलं उभं अंतर डिव्हायडरने मोजा. वरून पाहताना रडरच्या खांबापासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत दोरा धरा, दोन्ही लांबी सारख्या आल्या पाहिजेत. बाजूने पाहताना पुढे सरकलेलं अंतर दोन्हीकडे एक. तिन्ही जुळले की मास्किंग टेपने धरून चोवीस तास हात लावू नका. उरलेले चार आतले स्ट्रट नंतर किंचित वाकवून आत सरकतात. सगळे बारा एकदम बसवायला गेलं की एक धरताना दुसरा पडतो, आणि सिमेंट पंखावर सांडतं.

तारांसाठी तीन साहित्यं, तिन्हींचा स्वभाव वेगळा. लायक्राचा ताणणारा बारीक दोरा सगळ्यात क्षमाशील. एका टोकाला टूथपिकने सुपरग्लूचा ठिपका, भोकात धरून पंधरा सेकंद, मग दोरा दीडपट ताणून दुसऱ्या भोकात. जास्त ताणला तर तो बारा स्ट्रटच्या मॉडेलचाही पंख वाकवू शकतो, आणि लायक्रा ती ओढ वर्षानुवर्षं सोडत नाही. ०.१ मिलिमीटरचा पारदर्शक नायलॉन धागा शिलाईच्या सामानाच्या दुकानात मिळतो. खऱ्या विमानात तो सव्वासात मिलिमीटरच्या जवळ जातो, म्हणजे चालण्यासारखा. तो वरच्या पंखातून आरपार ओवून, टोकाला चिमटा लटकवून चिकटवतात. ढिला राहिला तर पेटलेली अगरबत्ती एक-दीड सेंटिमीटरवरून फिरवा, तो आवळतो. जवळ नेली तर तुटतो. पण आरपार भोकं नंतर बुजवून रंगवावी लागतात आणि लिननच्या फिक्या रंगावर तो डाग लपत नाही. तिसरं, वायरमधली बारीक तांब्याची तार, काच आणि स्टीलपट्टीमध्ये लाटून सरळ केलेली. डिव्हायडरने अंतर घ्या, केसभर कमी कापा, दोन्ही टोकांना पांढऱ्या गोंदाचा ठिपका. यात ताण नसतो, म्हणून स्ट्रटमधल्या आखूड फुल्यांना हीच उत्तम. माझं मत : १६ लांब तारा लायक्राच्या, ८ फुल्या तांब्याच्या. रंग गडद पोलादी करडा. चकचकीत चंदेरी तारा स्केलला जाड दिसतात.

क्रम आतून बाहेर : आधी कॅबेन, मग आतला बे, मग बाहेरचा, शेवटी शेपूट आणि लँडिंग गिअर. लावलेल्या तारांवरून हात न्यावा लागला तर एखादी नक्की तुटते. सुपरग्लू पातळ घेऊ नका. पातळ ग्लू तारेवरून धावत पंखावर जातो आणि मॅट रंगावर चकचकीत ओघळ ठेवतो.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई आणि कोकणात, वार्निशचा स्प्रे कॅन जपून वापरा. फवाऱ्याने पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर साचतं आणि मॅट थर पांढरट उमटतो. पाऊस थांबल्यावर दुपारी मारा किंवा ब्रशने लावायचं ॲक्रेलिक वार्निश घ्या. पांढरट आलंच तर पूर्ण वाळू द्या आणि कोरड्या दिवशी त्याच कॅनचा एक ओला, पातळ थर मारा. बहुतेकदा ते विरघळून निघतं.

पंखा, चाकं, पारदर्शक वारारोधक (विंडस्क्रीन) आणि वर जाणारे एक्झॉस्ट हे सगळ्यात शेवटी. एक्झॉस्टला लोखंडी तपकिरी आणि टोकाशी काजळी. मॉडेल लगेच बंद पेटीत ठेवू नका, सुपरग्लूची वाफ बंद जागेत पांढरी पूड होऊन बसते. तीन-चार दिवस उघड्यावर, धूळ पडू नये म्हणून वर सैल पुठ्ठा ठेवून राहू द्या. पुढे साफ करायचं झालं तर ब्रश तारांत घालू नका. कॅमेऱ्याच्या लेन्ससाठीचा रबरी फुंकणीचा गोळा एका हाताच्या अंतरावरून वापरा, तोही पंखाच्या लांबीच्या दिशेने.